तळघरातील पंप कोणते पाणी उपसतो?

आज एका कोड्यापासून सुरुवात करू. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या काळ्या जमिनीवर एक घर आहे असे समजा. वर राहण्याच्या खोल्या आणि खाली माल ठेवण्यासाठी तळघर. तळघराची फरशी जमिनीपासून अडीच मीटर खोल आहे. शेजारच्या आवारात एक जुनी विहीर आहे आणि जुलै महिन्यात तिच्यातले पाणी नऊ मीटर खोलीवर दिसते. म्हणजे विहिरीतले पाणी तळघराच्या फरशीच्याही साडेसहा मीटर खाली आहे. तरीसुद्धा तळघराच्या कोपऱ्यातला पंप दिवसातून चाळीस-पन्नास वेळा सुरू होतो आणि दर वेळी गटारात पाणी ओततो. पाणी आपण होऊन वर चढत नाही, हे तर आपण जाणतो. मग हे पाणी आले कोठून?

घरातील मंडळी अशा वेळी दोनच उपाय सुचवतात. एक म्हणजे मोठा पंप आणावा. दुसरा म्हणजे फरशीवर सिमेंटचा जाड थर देऊन पाणी कायमचे बंद करावे. हे दोन्ही उपाय करण्यापूर्वी एक प्रश्न विचारायला हवा : पंप कोणते पाणी उपसतो आहे? पावसाचे, जमिनीखालचे, कालव्याचे की घरातल्याच टाकीचे? या प्रश्नाचे उत्तर पंप स्वतःच देतो. त्यासाठी एक घड्याळ, एक मोजपट्टी आणि एक वही पुरते.

खड्डा आणि तरंगता गोळा

तळघराच्या सर्वांत खोल कोपऱ्यात एक खड्डा असतो. इंग्रजीत त्याला ‘सम्प’ म्हणतात, म्हणून त्यातल्या पंपाला सम्प पंप हे नाव पडले. फरशीखालून व भिंतींकडून झिरपणारे पाणी उताराने या खड्ड्यात जमते. पंपाला एक तरंगता गोळा जोडलेला असतो. पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक तुम्ही पाहिलाच असेल. हा त्याचाच भाऊबंद. बॉलकॉकचा गोळा वर आला की पाणी बंद होते. येथे उलट होते : गोळा वर आला की विजेचे बटण दाबले जाते आणि पंप सुरू होतो. पाणी उपसले गेले की गोळा खाली येतो आणि पंप बंद पडतो.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्या. पंपाला पाऊस कळत नाही की विहीर कळत नाही. त्याला फक्त खड्ड्यातली पातळी कळते. म्हणून पंप वारंवार चालू लागला, तर बहुतेक वेळा दोष पंपात नसून खड्ड्यात येणाऱ्या पाण्यात असतो.

पाणी किती येते?

खड्डा ६० सेंटिमीटर लांब व ६० सेंटिमीटर रुंद आहे असे समजा. पंप सुरू होतो ती पातळी आणि बंद होतो ती पातळी यांत २५ सेंटिमीटरचा फरक आहे. मग या दोन पातळ्यांमध्ये मावणारे पाणी :

६० × ६० × २५ = ९०,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ९० लिटर.

आता घड्याळ घ्या. पंप बंद पडल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत ३० मिनिटे लागली, तर ३० मिनिटांत ९० लिटर पाणी आले. म्हणजे दर मिनिटाला ३ लिटर, आणि २४ तासांत ४,३२० लिटर. पंप दर वेळी एक मिनिट चालत असेल, तर एका फेरीला ३१ मिनिटे लागतात आणि दिवसाला सुमारे ४६ फेऱ्या होतात.

ग्रामीण भागात नळाने दरडोई दररोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे प्रमाण २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने धरले आहे. त्या हिशेबाने हा एक पंप रोज ७८ माणसांच्या वाट्याचे पाणी गटारात सोडतो. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात हा आकडा डोळ्याआड करता येत नाही.

सिमेंटचा थर का टिकत नाही?

समजा, त्या मंडळींनी खड्डा बुजवला आणि फरशीवर सिमेंट ओतले. पुढे काय होईल ते आकड्यांनी पाहू. एक घनमीटर पाण्याचे वजन १,००० किलोग्रॅम असते. फरशीच्या तळाच्या एक मीटर वरपर्यंत बाहेरचे पाणी चढले, तर फरशीच्या प्रत्येक चौरस मीटरवर खालून वर १,००० किलोग्रॅम वजनाइतका रेटा बसतो. कारण द्रवाचा दाब फक्त खाली नव्हे, तर सर्व दिशांना असतो. खोली चार मीटर लांब व तीन मीटर रुंद असेल, तर एकूण रेटा १२ टनांचा होतो.

याला तोंड देणारे काय? १५ सेंटिमीटर जाडीचे काँक्रीट. काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २,४०० किलोग्रॅम असते. म्हणून अशा फरशीच्या एका चौरस मीटरचे वजन ०.१५ × २,४०० = ३६० किलोग्रॅम. म्हणजे बाहेरचे पाणी फरशीच्या तळापेक्षा अवघे ३६ सेंटिमीटर वर चढले, की पाण्याचा रेटा आणि फरशीचे वजन सारखे होतात. त्याहून पाणी वर गेले, तर भिंतीत नीट न बांधलेली साधी फरशी उचलली जाते किंवा तिला तडे जातात. जमिनीत पुरलेला मोठा रिकामा हौद भर पावसाळ्यात वर उचलला जातो, तोही याच कारणाने. आर्किमिडीजचा नियम होडीला लागू आहे, तसाच तळघरालाही लागू आहे.

म्हणून खड्डा आणि पंप हे तळघराचे शत्रू नाहीत. फरशीखालचा दाब वाढू नये यासाठी ठेवलेली ती वाट आहे. वाट बंद करण्यापूर्वी पाणी कमी करायला हवे.

जमिनीतून पाणी कसे सरकते?

आंरी दार्सी हे फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम केलेले अभियंते. वाळूच्या स्तंभातून पाणी सोडून त्यांनी जे प्रयोग केले, ते १८५६ साली प्रसिद्ध झाले. त्यांतून निघालेला नियम सोपा आहे. मातीतून किती पाणी वाहील हे तीन गोष्टींवर ठरते : दोन ठिकाणच्या पातळ्यांतला फरक त्यांमधील अंतराच्या मानाने किती आहे, पाण्याला वाहण्यासाठी किती क्षेत्रफळ मिळते, आणि ती माती पाणी कितपत झिरपू देते.

आपल्याकडे या तिसऱ्या गोष्टीला फार महत्त्व आहे. माजलगावच्या परिसरात बहुतेक ठिकाणी वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण असा क्रम आढळतो. काळी माती भिजली की फुगते आणि पाणी जवळजवळ अडवून धरते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यांतून पहिल्या पावसाचे पाणी भराभर खाली जाते. माती फुगली की भेगा मिटतात. मुरमातून पाणी बऱ्यापैकी वाहते. काळ्या पाषाणात ते फक्त फटींतून वाहते.

कोड्याचे उत्तर

आता आपल्या घराकडे परत येऊ. तळघर बांधताना तळघरापेक्षा मोठा खड्डा खणावा लागतो. भिंती उभ्या राहिल्या की त्यांच्या बाहेरची मोकळी जागा मुरूम, विटांचे तुकडे आणि सैल माती यांनी भरून काढतात. म्हणजे घट्ट काळ्या मातीत सैल भरावाचा एक पट्टा भिंतीभोवती तयार होतो. काळ्या मातीची जणू एक परात आणि परातीत बसवलेले घर! छपराचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडले की ते सैल भरावातून झटकन खाली उतरते. पण परातीच्या तळातून ते लवकर बाहेर जात नाही. विहिरीचे पाणी नऊ मीटरवर असले, तरी या परातीतले पाणी दोन मीटरवर उभे राहू शकते. पाणी वर चढलेले नाही. ते वरूनच आले आणि वाटेत अडकले.

हिशेब करून पाहा. छप्पर १० मीटर लांब व १० मीटर रुंद आहे. एका रात्रीत ५० मिलिमीटर पाऊस झाला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तेव्हा १०० × ५० = ५,००० लिटर पाणी छपरावरून उतरले. ते सगळे परातीत गेले, तर आपला ९० लिटरचा खड्डा सुमारे ५५ वेळा भरेल. छपराच्या पन्हाळीचा पाइप भिंतीपासून तीन-चार मीटर दूर नेला आणि भिंतीलगतच्या जमिनीला बाहेरच्या बाजूस उतार दिला, तर हे पाणी येणारच नाही. मोठा पंप आणण्यापेक्षा हा पाइप स्वस्त पडतो.

प्रयोग : दोन प्रकारचे पाणी

हे वर्गात दाखवता येते. एका घमेल्यात नदीची जाड वाळू भरा. तळाला व बाजूंना भोके पाडलेले दोन डबे वाळूत रोवा. एक खोल रोवा, ती विहीर. दुसरा उथळ रोवा, ते तळघर. कडेने हळूहळू पाणी घाला. आधी विहिरीत पाणी दिसेल. पातळी वाढत गेली की तळघरातही पाणी येईल आणि दोन्हींत पातळी सारखीच राहील. तळघरातले पाणी वाटीने काढा. ते पुन्हा भरते.

आता दुसऱ्या घमेल्यात भिजवून मळलेली काळी माती दाबून भरा. तिच्यात एक खळगा करा, खळग्यात वाळू भरा आणि वाळूच्या मधोमध भोकांचा डबा ठेवा. डब्याभोवती झारीने पाणी शिंपडा. भोवतालची माती फारसे पाणी घेणार नाही. डब्यात मात्र पाणी उभे राहील. पहिले घमेले म्हणजे भूजलाचे पाणी, दुसरे म्हणजे परातीतले पाणी. दोन्ही डब्यांत पाणी दिसते; पण कारणे वेगळी आणि उपायही वेगळे.

वहीतील नोंदी काय सांगतात?

पंप दोन वेळा सुरू होण्यामध्ये किती मिनिटे गेली, हे रोज सकाळी व संध्याकाळी लिहा. शेजारी पाऊस, नळाला पाणी आल्याचा दिवस, कालव्याला पाणी सुटल्याची तारीख आणि शेजारच्या विहिरीची पातळी लिहा. महिनाभरात चित्र स्पष्ट होऊ लागेल.

एक : पाऊस पडल्यावर काही तासांतच पंपाच्या फेऱ्या वाढतात आणि उघडीप पडली की दोन-चार दिवसांत कमी होतात. हे परातीतले पाणी. छपराचे पाणी दूर न्या.

दोन : पाऊस सुरू होऊन कित्येक आठवडे पंप शांत असतो, श्रावण-भाद्रपदात फेऱ्या हळूहळू वाढतात आणि पाऊस संपल्यावरही दिवाळीपर्यंत चालू राहतात. विहिरीची पातळीही त्याच वेळी वर आलेली असते. हे खरे भूजल. येथे पंपाला पर्याय कमी.

तीन : पावसाचा थेंब नसताना, रब्बीत कालव्याचे आवर्तन सुटले की काही दिवसांनी पंप वेग घेतो. माजलगावकडे ही शक्यता विसरू नये. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणा नदीवर माजलगाव धरण १९८७ साली पूर्ण झाले. पैठणच्या नाथसागरातून निघणारा १३२ किलोमीटर लांबीचा उजवा कालवा येथपर्यंत येतो आणि माजलगाव धरणातून पुढे पुन्हा कालवा निघतो. कालव्यातून आणि भिजवलेल्या शेतांतून झिरपणारे पाणी भूजलात भर घालते. कालव्याच्या भागात सखल जमिनी चिबड होतात, त्याचे हेच कारण. तळघरालाही तोच न्याय.

चार : ऋतू कोणताही असो, फेऱ्या सारख्याच, किंवा नळाला पाणी येते त्याच रात्री फेऱ्या वाढतात. हे घरातले पाणी. रात्री सर्व नळ बंद करून जमिनीतल्या हौदाच्या पातळीवर खूण करा आणि सकाळी पाहा. दोन मीटर लांब व दीड मीटर रुंद हौदात पातळी एक सेंटिमीटर उतरली, तर ३० लिटर पाणी गळाले. येथे गवंडी हवा, पंप नको.

पाच : पंप बंद पडताच पातळी झटकन वर येते आणि थोड्याच वेळात पंप पुन्हा सुरू होतो. पंप आपलेच पाणी पुन्हा उपसत असतो. याची दोन कारणे असतात. पंपाच्या पाइपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल, तर उभ्या पाइपातले पाणी परत खड्ड्यात येते. ४० मिलिमीटर व्यासाच्या चार मीटर पाइपात सुमारे पाच लिटर पाणी मावते. ९० लिटरच्या खड्ड्याला त्याचे विशेष वाटणार नाही. पण दहा लिटरच्या लहान खड्ड्यात निम्मे पाणी परत येईल. दुसरे कारण अधिक वेळा आढळते : पाइपाचे तोंड भिंतीलगतच सोडलेले असते आणि उपसलेले पाणी परातीतून फिरून परत येते.

एक सावधगिरी : काळ्या पाषाणाच्या मुलखात शेजारशेजारच्या दोन विहिरींच्या पातळ्याही वेगळ्या असू शकतात. म्हणून सर्वांत जवळची विहीर घ्या आणि एका दिवसाच्या नोंदीवरून निष्कर्ष काढू नका. भिंतीला नुसती ओल दिसली, तर तिलाही पंपाशी जोडू नका. ओल केशाकर्षणाने बारीक छिद्रांतून वर चढते. पण असे धरून ठेवलेले पाणी आपण होऊन मोकळ्या खड्ड्यात टपकत नाही.

खोल खड्डा की उथळ?

भूजलाचे पाणी असले की पुष्कळ जण खड्डा आणखी खोल करतात. दार्सींचा नियम येथे कामी येतो. बाहेरच्या पाण्याची पातळी फरशीइतकी आहे असे धरा. खड्ड्यातले पाणी फरशीच्या २० सेंटिमीटर खाली ठेवले, तर पातळीतला फरक २० सेंटिमीटर. ते ६० सेंटिमीटर खाली ठेवले, तर फरक तिप्पट आणि येणारे पाणीही साधारण तिप्पट! म्हणजे खोल खड्ड्यातला पंप शेजारच्या जमिनीतले पाणीही विनाकारण ओढत बसतो. फरशी कोरडी राहण्यापुरतीच पातळी खाली ठेवावी आणि गोळा त्याप्रमाणे वर बांधावा. उपसलेले पाणी गढूळ येत असेल, तर मात्र लगेच जाणकार अभियंत्याला दाखवावे. पाण्याबरोबर पायाखालची माती वाहून जात असण्याचा तो इशारा असतो.

जेथे जमिनीला उतार आहे, तेथे पंपाशिवायही हे काम होते. बीड शहराजवळची खजाना विहीर निजामशाहीच्या काळातील, सोळाव्या शतकातील. तिच्यात भुयारी मार्गांनी पाणी येते आणि दुसऱ्या भुयारी मार्गाने उताराकडे शेतीसाठी निघून जाते. ना मोट, ना यंत्र. काम करते ते गुरुत्वाकर्षण. तुमच्या घराच्या एका बाजूला तळघराहून खोल नाला किंवा उतार असेल, तर एक साधा पाइप पंपाची जागा घेऊ शकतो.

उपसलेले पाणी वाया न घालवता भिंतीपासून दूर, उताराच्या बाजूला झाडांना द्यावे किंवा शोषखड्ड्यात सोडावे. धुण्यापुसण्यालाही ते चालेल. पिण्यासाठी मात्र वापरू नये, कारण आसपासच्या शौचालयाच्या टाकीचे पाणी त्यात मिसळलेले असू शकते.

शेवटी एक महत्त्वाची सूचना. मोजमापे घेताना पंपाचा विद्युतप्रवाह बंद करून, घरातील मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच खड्ड्याजवळ जा. फरशीवर पाणी साचले असेल, तर त्यात पाय घालू नका. पंपाला योग्य अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच असलाच पाहिजे.

सोडवून पाहा

१. खड्डा ५० सेंटिमीटर लांब-रुंद आहे, दोन पातळ्यांत २० सेंटिमीटरचा फरक आहे आणि तो १० मिनिटांत भरतो. दिवसाला किती लिटर पाणी येते?

२. फरशी १० सेंटिमीटर जाडीची असेल, तर किती उंचीच्या पाण्याचा रेटा तिच्या वजनाइतका होईल?

३. एका घरातला पंप मार्च महिन्यात दर चौथ्या दिवशी रात्रीच चालतो. गावाला नळाचे पाणीही चार दिवसांनीच येते. तुम्ही प्रथम काय तपासाल?

४. आपल्या ४,३२० लिटर पाण्याला पाच मीटर उंच चढवण्यासाठी किमान किती ऊर्जा लागेल? पंप दिवसाला ४६ मिनिटे चालतो आणि ५०० वॅट वीज घेतो असे धरून, त्यातली किती वीज प्रत्यक्ष कामी येते ते काढा.

उत्तरे : १. ७,२०० लिटर. २. २४ सेंटिमीटर. ३. जमिनीतला हौद आणि नळाची वाहिनी. ४. सुमारे २,१२,००० ज्यूल, म्हणजे ०.०६ युनिट, पंप सुमारे ०.३८ युनिट घेतो, म्हणून कामी येणारा भाग जेमतेम १५ टक्के.